'पर्यायी' या एका शब्दापायी चार महिने

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत विसरेन. संशोधनाच्या परवानगीसाठी एथिक्स कमिटीकडे द्यायच्या मराठी फॉर्मच्या प्रत्येक पानाच्या तळाला व्हर्जन नंबर आणि तारीख टाका. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मी फक्त पहिल्या पानावर टाकलेली आणि तेवढ्यावरून अख्खा गठ्ठा परत आला होता.

तर मी एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीतल्या मास्टर्सच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच, आणि माझा थिसिस आहे सांधेवाताच्या मुलांचे आईवडील डॉक्टरी औषधाच्या जोडीला अजून काय काय उपचार करतात ते मोजण्यावर. ऐकायला सोपं वाटतं ना, मलाही वाटलेलं. प्रश्नावली छापायची, ओपीडीत बसायचं, टिकमार्क करायचे, झालं. गाईडनी विषयाला होकार दिला, सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, आठवड्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं सगळं एथिक्स कमिटीच्या ऑफिसात झालं. कुठल्या ते विचारू नका, डिग्री अजून हातात यायचीय.

विषय सुचला तो एका नऊ वर्षांच्या पोराच्या गुडघ्यावरून. राधानगरीकडचा मुलगा, सकाळी उठला की तासभर पाय सरळ व्हायचा नाही. आईला विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? "न्हाई ओ म्याडम, डॉक्टरांचंच." मग गुडघा किती वाकतो ते मोजायला पॅन्ट वर केली तर गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना गोल काळे डाग. बिब्ब्याचे. मी नुसतं बघितलं तर बाई सहज म्हणाली, "ते औषध कुठंय, सासूबाईंनी बिब्बा घातलाय." ती खोटं बोलत नव्हती हो. मी विचारलं औषधाचं आणि बिब्बा तिच्या लेखी औषध नव्हताच.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला संधिवात म्हणजे जेआयए (जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस). त्याचे सात प्रकार धरतात. "लहान मुलांना कुठं संधिवात असतो होय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पण देत नाही. बऱ्याच मुलांना मेथोट्रेक्सेट नावाचं औषध असतं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं, आणि कोणीतरी मोबाईलवर नाव टाकून बघतं, तिथं कॅन्सरचं औषध म्हणून दिसतं, की घरात कालवा. मग हळूच गोळी बंद आणि पुडी चालू. म्हणून हे मोजायचं, हौस म्हणून नाही. मेथोट्रेक्सेटवर लिव्हरच्या टेस्ट कराव्या लागतात आणि त्याच मुलाला घरी रोज गुळवेलीचा काढा चालू असेल तर ते डॉक्टरला कळायला नको? २०२० च्या शेवटी मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटना लिव्हरचा त्रास झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी छापलं होतं, आयुष मंत्रालयाने त्यावर हरकतही घेतलेली. कोण बरोबर ते सोडा, पण विचारलंच नाही तर कळणार कसं.

प्रश्नावली मी आय-कॅम-क्यू नावाची घेतली, डॉक्टरी औषधाच्या जोडीचे उपचार मोजायला तयार केलेली. नॉर्वेमध्ये २००६ ला बरेच अभ्यासक जमले आणि त्यातून २००९ ला ती छापून आली, कारण प्रत्येक जण वेगळंच काहीतरी मोजत होता. कोणी व्हिटॅमिनच्या गोळ्या धरायचं, कोणी प्रार्थना धरायचं, कोणी दोन्ही सोडायचं. त्यामुळे जेआयएच्या मुलांवरचे अभ्यास वाचले तर कुठे तिघातला एक जण असे उपचार करतो आणि कुठे दहातले नऊ, आजार तोच. प्रश्नावलीचे चार भाग आहेत: कोणाकोणाकडे गेलात, डॉक्टरकडूनच असले कुठले उपचार घेतले, जडीबुटी आणि सप्लिमेंट काय घेतली, आणि स्वतःहून काय करता. सगळं ठीक, पण ती मोठ्या माणसांसाठी बनवलेली, आणि यादीत कायरोप्रॅक्टर (हाताने मणका बसवणारे), ताई ची, चिगाँग असले चिनी व्यायाम. कोल्हापुरात कायरोप्रॅक्टर कुणाला विचारू? इथं हाडवैद्य आहेत, तालमीतले वस्ताद आहेत.

मी शहाणपणा करून मराठीत वर ठसठशीत टायटल टाकलं, 'पूरक व पर्यायी औषधोपचारांचा वापर', इंग्रजीतल्या 'कॉम्प्लिमेंटरी अँड अल्टरनेटिव्ह मेडिसिन'साठी. इथून माझं नशीब फिरलं.

पहिल्या फेरीला खिडकीवरच्या भाऊंनी पानं चाळली आणि म्हणाले, बॅक ट्रान्सलेशनचं सर्टिफिकेट नाही. म्हणजे मराठी केलेलं दुसऱ्या कुणीतरी परत इंग्रजी करायचं आणि दोघांनी सही करून द्यायची. कोण देतं ते? "ते तुमचं तुम्ही बघा म्याडम." कुठला नमुना आहे का? "नमुना नस्तो." (असतो. तीन आठवड्यांनी त्याच टेबलच्या ड्रॉवरमधून निघाला, मी डोळ्यांनी बघितला.) मैत्रिणीच्या काकांना धरलं, ते निवृत्त प्राध्यापक, त्यांनी प्रामाणिकपणे माझं मराठी इंग्रजीत उतरवून दिलं. मूळ इंग्रजी त्यांनी बघायचंच नसतं, तोच नियम आहे. तर 'पर्यायी औषधोपचार' चं त्यांनी केलं 'ऑप्शनल मेडिसिन'. आणि 'पूरक' चं 'सप्लिमेंटरी'. चुकलं का त्यांचं? अजिबात नाही. पण कमिटीकडून पत्र आलं की संशोधक मुलांना कुठलं ऑप्शनल औषध देणार आहे, त्याचा डोस काय, आणि विम्याचे कागद जोडावेत.

विम्याचे! मी फक्त प्रश्न विचारणार होते हो. तीन पानं प्रश्न. त्याची ड्रग ट्रायल करून ठेवली.

मी धावत गेले समजवायला, तर भाऊ म्हणाले तोंडी चालत नाही, लेखी खुलासा द्या, चौदा प्रती. दिल्या. आणि इथं दुसरी गोष्ट आठवली, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या खुलाशाच्या चौदा प्रती कुठं गेल्या ते त्या ऑफिसातल्या कुणालाच माहीत नाही, मी परत चौदा काढल्या, बिंदू चौकातला झेरॉक्सवाला मला नावाने ओळखायला लागला.

पुढची मीटिंग महिन्याने. गेले, बाहेर बाकड्यावर दोन तास, मग कळलं कोरम नाही. किमान पाच जण लागतात, त्यात बाहेरचा माणूस लागतो, वैद्यकीय नसलेलाही लागतो. चौघं आलेले. चहा पिऊन चौघं गेले. मी रंकाळ्यावर जाऊन एक मिसळ खाल्ली आणि आईला फोन करून रडले, खरं सांगते.

त्यात एक चूक माझीही होती, ती पण लिहिते. मुलांच्या संमतीचा मी एकच फॉर्म केलेला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती चालते, बाराच्या पुढे अठरापर्यंत सोप्या भाषेत लेखी, आणि आईवडिलांची वेगळी असतेच. मुलांचे वयाप्रमाणे दोन वेगळे कागद करा, वाद होणार नाही. आणि साधी प्रश्नावली आहे म्हणून लवकर सुटेल या भ्रमात राहू नका, मुलं म्हटल्यावर माझं प्रकरण फुल कमिटीसमोरच गेलं.

तिसऱ्या वेळी एकदाची आत गेले. एक वैद्य मेंबर होते, ते पहिल्या वाक्यालाच तापले. "आयुर्वेद पर्यायी कसा? आपल्याकडं त्याचं मंत्रालय आहे." आता यावर मी रात्रभर अभ्यास करून गेलेले, म्हटलं सर बरोबर आहे, २०१४ च्या नोव्हेंबरात आयुष मंत्रालय झालं आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात असल्या उपचारांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने पण आपल्या नावातून 'अल्टरनेटिव्ह' काढून 'इंटिग्रेटिव्ह' घातलं. ते जरा थंड झाले. पण मग शब्द कुठला? एक जण म्हणाले 'समांतर', एक म्हणाले 'अपारंपरिक'. अपारंपरिक! बिब्बा अपारंपरिक आणि मेथोट्रेक्सेट पारंपरिक, वा. मी गप्प बसले, जीभ चावून.

टेबलाच्या टोकाला एक म्हातारे गुरुजी होते, सामान्य नागरिक म्हणून घेतलेले. तोवर एक शब्द बोलले नव्हते, मला वाटलेलं झोपलेत. ते म्हणाले, "पोरी, शब्द कशाला पायजे? माझ्या नातवाचं पाय दुखत हुतं तवा कुणी मला पर्यायी विचारलं असतं तर मी बी न्हाईच म्हटलं असतं. डॉक्टरच्या गोळ्या सोडून काय काय करून बघितलं, असं इचार की."

झालं. चार महिने, अठ्ठावीस प्रती, आणि उत्तर एवढंच. मला इतका राग आला की हे मला त्या बिब्ब्याच्या दिवशीच सुचायला पाहिजे होतं.

वरचं टायटल काढलं. आता प्रश्न असा आहे, 'या दुखण्यासाठी म्हणून आजपर्यंत काय काय करून बघितलं?' आणि खाली लावलेलं, खाल्लेलं-प्यायलेलं, कुणाला दाखवलेलं, देवाधर्माचं. 'दुखण्यासाठी म्हणून' हे दोन शब्द माझे, त्याचा मला जरा अभिमान आहे, कारण ते नसतील तर कोल्हापुरात पायाचं सूप कुठं धरायचं? एक बाबा म्हणाले ते तर आम्ही बुधवार-रविवार खातोच. मग ते जेवण. पण पोराच्या गुडघ्यासाठी मुद्दाम चालू केलं असेल तर धरायचं. हळद-दुधाचं तेच. देवाचं मात्र वेगळं मोजा, नाहीतर जोतिबाला नारळ आणि नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेले सगळे आत येतात आणि आकडा कशाचाच उरत नाही. मी दोन्ही आकडे वेगळे देणार आहे.

गेल्या बारा महिन्यांत असं कुणाला विचारू नका, कुणाला आठवत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेपासून आजपर्यंत, असं विचारलं की धडाधड आठवतं. 'कधीतरी केलं' आणि 'सध्या चालू आहे' याचे रकाने वेगळे हवेत.

मुलालाही विचारा, आईसमोर नाही जमलं तर व्यायाम करून घेताना. एका मुलीने मला सांगितलं, आजी झोपताना निर्गुडीचा शेक देते आणि एक पुडी मधातून चाटवते. आईला पुडीचा पत्ताच नव्हता, ती दिवसभर एमआयडीसीत कामाला. पुडीवर नाव नाही, काही नाही. असल्या पुडीत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं निघतं, मग पोर आठवड्यात उड्या मारायला लागतं, चेहरा गोल होतो आणि गुण आला म्हणून सगळे खूश. ती पुडी आणायला सांगितली आणि डॉक्टरांकडे दिली. रागवायचं नाही हां अजिबात, एकदा तोंड वाकडं केलंत की पुढच्या वेळेपासून सगळं 'न्हाई'.

तो राधानगरीचा पोरगा परवा फॉलोअपला आलेला. त्याच्या आईला नवीन प्रश्न विचारला. बिब्बा, एरंडेल, गारगोटीजवळचा हाडवैद्य, कागलच्या वस्तादांचं तेल, होमिओपॅथीच्या गोळ्या, योगराज गुग्गुळ, दोन गंडे, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर बटाटा बंद. बाई बोलतच होती. उत्तराला मी तीन ओळी ठेवलेल्या, त्या भरल्या म्हणून पान उलटून मागं लिहिलं.

संध्याकाळी गाईडना दाखवलं तर ते म्हणाले छान, पण मागच्या कोऱ्या पानावर व्हर्जन नंबर नाही, ते मंजूर फॉर्मचा भाग नाही, जागा वाढवायची तर अमेंडमेंट टाकावी लागेल. सोमवारी चौदा प्रती घेऊन जातेय.