न जिंकलेल्या शर्यतीची कीर्ती

रविवारी पहाटे त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीपर्यंत सायकल चालवून आम्ही चहाला थांबतो, तेव्हा मोबाइलवर हमखास दिसणारा चेहरा स्लोव्हेनियाच्या टूर दी फ्रान्स विजेत्या पोगाचारचा नसून कोलंबियाचा सायकलपटू रिगोबेर्तो उरान याचा असतो. त्याने 2024 साली व्यावसायिक शर्यतींचा निरोप घेतला आणि सायकलिंगच्या तीन मोठ्या टूरपैकी (फ्रान्सची टूर दी फ्रान्स, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा) एकही कधी जिंकली नाही. त्याच्याच देशाच्या एगान बेर्नालने 2019 मध्ये टूर दी फ्रान्स जिंकली, नायरो किंतानाने जिरो आणि व्हुएल्टा जिंकल्या. तरीही आमच्या गटात चित्रफिती फिरतात त्या उरानच्या.

सर्वाधिक पाहिली जाणारी फीत 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधील आहे. सुमारे 250 किलोमीटरच्या शर्यतीत अखेरीस उरान आणि कझाकस्तानचा विनोकुरोव्ह असे दोघेच पुढे उरले होते. उरानने मान वळवून एका बाजूला मागे पाहिले आणि नेमक्या त्याच क्षणी विनोकुरोव्ह दुसऱ्या बाजूने निसटला. सुवर्ण गेले, रौप्य उरले. याउलट 2017 च्या टूरमध्ये गिअरची यंत्रणा बिघडलेली असताना त्याने शांबेरीचा टप्पा जिंकला, तोही फोटो फिनिशवर, आणि ती टूर त्याने विजेत्या फ्रूमच्या मागे अवघ्या 54 सेकंदांनी दुसऱ्या क्रमांकावर संपवली. माझ्या मते हा पराक्रम कितीतरी मोठा आहे, पण गटात तो क्वचितच कोणी पाठवतो.

उरराव या गावातल्या या मुलाच्या वडिलांची निमलष्करी टोळीने हत्या केली, तेव्हा तो 14 वर्षांचा होता. त्यानंतर घर चालवण्यासाठी त्याने लॉटरीची तिकिटे विकली. असे बालपण गेलेला माणूस मुलाखतीत जेव्हा गावरान, मोकळेढाकळे बोलतो, तेव्हा त्याच्या विनोदाला वेगळे वजन येते. आम्हाला स्पॅनिश कळत नाही, पण हसू कळते. अर्थात या लोकप्रियतेमागे व्यापारही आहे: ‘गो रिगो गो’ हा त्याचा कपड्यांचा ब्रँड आहे, त्याच्या नावाने हजारो हौशी सायकलपटूंची ‘जिरो दे रिगो’ फेरी निघते आणि 2023 मध्ये त्याच्या आयुष्यावर दूरचित्रवाणी मालिकाही आली. सततची ही विक्री मला थोडी खटकते, हे कबूल करतो.

आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 साली अमेरिका आरपार ओलांडणारी रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) शर्यत पूर्ण केली, तेव्हा आपण वर्तमानपत्रे वाचली आणि सत्कार पाहिले. त्यांना प्रत्यक्ष पेडल मारताना मात्र फार थोड्यांनी पाहिले असेल. उरानची चूक आम्ही शेकडो वेळा पाहिली आहे. गेल्या रविवारी परतताना आमच्या गटातील अकरावीतल्या मुलाने अखेरच्या शर्यतीत मान वळवली, तेव्हा मागून तिघे एकदम ओरडले, “अरे, उरान झाला!” लंडनची ती शर्यत झाली, तेव्हा तो मुलगा अगदीच लहान असेल, तरीही त्याला या ओरडण्याचा अर्थ लगेच कळला आणि हसता हसता तो तिसरा आला.