पुलाखालचा राक्षस

सिएटल शहराच्या फ्रेमाँट भागात पत्ता सांगताना येथील माझे परिचित रस्त्याच्या क्रमांकाआधी ट्रोलचे नाव घेतात. स्कँडिनेव्हियन लोककथांमध्ये पुलाखाली दबा धरून बसणारा जो राक्षस, म्हणजे ट्रोल, आढळतो, तोच येथे १९३२ मध्ये खुल्या झालेल्या ऑरोरा पुलाच्या टोकाखाली, जणू जमिनीतून अर्धवट वर आला आहे अशा रूपात घडवला आहे. त्याची उंची सुमारे १८ फूट आहे. अंग लोखंडी सळया, तारा आणि काँक्रीटचे, डोळ्याच्या जागी मोटारीची चकचकीत व्हील कॅप, आणि पंजाखाली चिरडलेली फोक्सवॅगन बीटल मात्र चक्क खरी.

पुलाखालची ही जागा एके काळी कचरा टाकण्याचे ठिकाण झाली होती. कुंपण घालून ती बंद करणे सोपे होते. परंतु फ्रेमाँट आर्ट्स कौन्सिलने स्पर्धा जाहीर केली, निवडीत रहिवाशांचे मत घेतले आणि चार कलाकारांनी मिळून १९९० मध्ये हे शिल्प पूर्ण केले. २००५ मध्ये पुलाखालच्या रस्त्यालाच ट्रोल अव्हेन्यू हे नाव देण्यात आले.

गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आले की छातीपर्यंत, याच भाषेत आपण नाशिककर बोलतो, त्यामुळे एखादी मूर्ती परिसराच्या रोजच्या व्यवहारात कशी मुरते हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. अर्थात तो देव आणि हा राक्षस, त्यामुळे येथे सोवळेओवळे काहीच नाही. मुले त्याच्या हातावर चढतात आणि मोठी माणसे नाकाला टेकून छायाचित्रे काढून घेतात. आपल्या चौकांतील जाळीआडची शिल्पे आठवली की मला या मोकळिकीचा हेवा वाटतो.

मात्र फ्रेमाँटमधील प्रत्येक पुतळ्याला असे प्रेम लाभलेले नाही. जवळच स्लोव्हाकियातील पोप्राद येथून आणलेला लेनिनचा सुमारे १६ फुटी कांस्य पुतळा १९९५ पासून उभा आहे. तो खाजगी मालकीचा असून अनेक वर्षे विक्रीस ठेवलेला आहे. कोणी त्याला रोषणाई करते, कोणी त्याचे हात लाल रंगाने माखते, आणि तो हटवावा की ठेवावा यावरचा वाद अधूनमधून पुन्हा पेटतो.