डोक्याचा मार बरा झाला, त्रास मात्र राहिला: कोड कोणता लावायचा?

डबलसीट जाताना रानडुक्कर आडवं येतं, बैल ढुशी मारतो, मोहाच्या झाडावरून पाय सटकतो. आपल्या भागात डोक्याला मार बसतो तो असा. सीटी स्कॅन नॉर्मल येतो, पेशंट घरी जातो आणि तीन आठवड्यांनी ओपीडीत येऊन सांगतो, "डोकसं दुखते, भवंड येते, काई याद राहत नाई." केस पेपरवर लिहिलं जातं 'ओल्ड हेड इंज्युरी'. त्यावर रेकॉर्ड विभागात आयसीडी-१० चा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाचा, कोड एस ०९.९ पडतो, म्हणजे डोक्याची अनिर्दिष्ट इजा. नुकसानाची सुरुवात इथूनच होते.

हा कोड खोटा नाही, पण पोकळ आहे. मेंदूला धक्का बसल्याचा, म्हणजे कन्कशनचा, कोड एस ०६.० आहे आणि पुढच्या उरलेल्या त्रासाचे कोड त्यालाच जोडले जातात. मेंदूच्या इजेच्या उत्तरपरिणामांचा कोड टी ९०.५. पहिल्या दिवशीच्या कागदावर नुसती अनिर्दिष्ट इजा असेल, तर नंतर हाती उरतो फक्त टी ९०.९. मग सहा महिन्यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे 'हा त्रास त्याच अपघाताचा' हे दाखवताना कागद साथ देत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी मेडिकल ऑफिसरने चार गोष्टी लिहाव्यात: शुद्ध हरपली होती का आणि साधारण किती वेळ, अपघाताच्या आधीचं किंवा नंतरचं काय आठवत नाही, ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीची पातळी मोजणारे गुण) किती, ओकाऱ्या किती झाल्या. आणि निदान म्हणून 'कन्कशन' हा शब्द स्पष्ट लिहावा. बेशुद्ध झालाच नव्हता, म्हणून कन्कशन नाही, असं समजणं चूक आहे. नुसता गोंधळलेला असला किंवा मधला वेळ आठवत नसला तरी कन्कशन असू शकतं. सीटी नॉर्मल आला म्हणून निदान खोडणं तर त्याहून चूक. कन्कशनमध्ये सीटी बहुतेक वेळा नॉर्मलच असतो.

आता मागे राहिलेला त्रास. डोकेदुखी, चक्कर, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, विसरभोळेपणा, झोप न येणं, ताण किंवा दारू सहन न होणं, यांतले निदान तीन त्रास एकत्र असतील आणि डॉक्टरने 'पोस्ट-कन्कशनल सिंड्रोम' (कन्कशननंतर मागे राहणारा त्रासांचा समूह) असं लिहिलं असेल, तर कोड एफ ०७.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन निकषांत हे त्रास माराच्या चार आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. पण दिवस मोजून कोडरने (रेकॉर्ड विभागात कोड लावणाऱ्याने) स्वतः सिंड्रोम ठरवायचा नाही. शंका असेल तर डॉक्टरकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर केस पेपरवरच घ्यावं. दुसरं म्हणजे एफ ०७.२ आणि एस ०६.० एकाच भेटीत एकत्र लावायचे नाहीत. ताजं कन्कशन एफ ०७.२ मधून वगळलेलं आहे. पहिल्या दिवसांतली डोकेदुखी एस ०६.० मध्येच येते.

डॉक्टरने सिंड्रोम न लिहिता नुसते त्रास लिहिले असतील, तर डोकेदुखीला आर ५१, चकरेला आर ४२ आणि सोबत जोड म्हणून टी ९०.५. डोकेदुखी माराच्या सात दिवसांत सुरू होऊन तीन महिन्यांपलीकडे टिकली आणि डॉक्टरने माराने झालेली दीर्घकालीन डोकेदुखी असं निदान केलं, तर जी ४४.३.

चकरेबाबत जरा थांबायला हवं. "कड बदलली का घर फिरते" असं पेशंट म्हणत असेल तर डिक्स-हॉलपाइक तपासणी (डोकं वळवून झटकन आडवं करून डोळे पाहण्याची) करावी. ती पॉझिटिव्ह असेल तर हा कानाच्या आतला दोष आहे, कोड एच ८१.१, आणि एप्लीच्या पद्धतीने डोकं फिरवून तो बहुतेकांचा बरा होतो. तो एफ ०७.२ खाली गाडला गेला तर माणूस महिनोन् महिने चकरेच्या गोळ्या खात बसतो.

म्हाताऱ्या माणसाचं डोकं दिवसेंदिवस जास्त दुखत असेल, गुंगी येत असेल, चाल बिघडली असेल, तर सिंड्रोमचा विचार नंतर, आधी पुन्हा सीटी. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त कित्येकदा आठवड्यांनी कळतं. माराने झालेलं असेल तर त्याचा कोड एस ०६.५.

बाह्य कारणाचा कोड बहुतेक जण सोडून देतात. खरं तर 'कसं झालं' हे तोच सांगतो. जनावराला धडकून दुचाकी पडली तर व्ही २०: रस्त्यावर चालवणाऱ्याला व्ही २०.४, मागे बसलेल्या बाईला व्ही २०.५. चालत्या बैलगाडीतून कुणाच्या धडकेविना पडला तर व्ही ८०.०. शेतातल्या झाडावरून पडला तर डब्ल्यू १४.७, शेतातल्या विहिरीत पडला तर डब्ल्यू १७.७. या दोन्हींतला शेवटचा सात म्हणजे 'शेत'. व्ही कोडमध्ये मात्र शेवटचा आकडा जागा दाखवत नाही. उत्तरपरिणामांसाठी टी ९०.५ लावताना कारणाचा कोडही बदलतो: मोटारवाहन असेल तर वाय ८५.०, बैलगाडी असेल तर वाय ८५.९, झाड-विहीर असेल तर वाय ८६.

नागपूरला अमेरिकी कोडिंग शिकून आलेली पोरं पोस्ट-कन्कशनल सिंड्रोमला एफ ०७.८१ टाकतात. तो अमेरिकेच्या आवृत्तीतला कोड आहे, जागतिक संघटनेच्या आवृत्तीत नाही. एस ०६.० च्या मागे एक्स आणि आणखी अक्षरं जोडायची पद्धतही तिकडचीच. सॉफ्टवेअर कोणती आवृत्ती धरतं हे आधी पाहावं.

राहिला प्रश्न 'एफ'चा. ते प्रकरण मानसिक विकारांचं आहे, म्हणून नातेवाईक बिचकतात, "आमचा पोरगा पागल नाई" म्हणतात, आणि डॉक्टरही कधीकधी दया म्हणून नुसती डोकेदुखी लिहितात. ही दया पेशंटलाच महाग पडते, कारण विसरणं, चिडणं, झोप उडणं हे सगळं कागदावरून गळून जातं. एफ ०७ हा गट मेंदूच्या इजेने किंवा आजाराने होणाऱ्या विकारांचाच आहे, हे घरच्यांना समजावून सांगावं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचं आहे. 'एफ कोड आहे' एवढ्याच कारणाने दावा परत आला, तर उत्तरात या कलमाचा उल्लेख करावा आणि पहिल्या दिवशीच्या केस पेपरची प्रत सोबत जोडावी.