जिन्यातला लाईट आणि तीन लाल वायरी

दिवाळीआधी घराला रंग दिला, तेव्हा बोर्डांच्या सगळ्या प्लेटा काढून परत लावल्या, आणि तेव्हापासून आमच्या जिन्यातला लाईट बिघडला. पूर्ण बंद नाही पडला, पण वरचा स्विच एका बाजूला असला की खालचा कितीही दाबा, लागतच नाही. आई रात्री पाण्यासाठी भिंतीला हात लावत अंधारात उतरायची, मला खूप धास्ती वाटायची.

वायरमन दोनदा येऊन स्विच बदलून गेले, फरक काहीच नाही. मग मी दोन्ही स्विचच्या चारही पोझिशन करून बघितल्या आणि कागदावर लिहिल्या. टू-वे (एकच लाईट दोन जागांवरून चालवायची जोडणी) बरोबर असेल तर चारपैकी दोन पोझिशनला बल्ब लागायला हवा, आमचा एकाच पोझिशनला लागत होता. म्हणजे स्विच चांगला होता, वायर चुकीच्या टर्मिनलला (वायर कसायच्या स्क्रूला) बसली होती!

टू-वे स्विचला तीन टर्मिनल असतात, त्यातलं एक कॉमन, स्विच दाबला की ते उरलेल्या दोनपैकी एकाला जोडलं जातं. एका स्विचच्या (आमच्याकडे खालच्या) कॉमनला फेज, म्हणजे करंटची वायर येते, दुसऱ्याच्या कॉमनवरून वायर बल्बला जाते, आणि उरलेली दोन-दोन टर्मिनलं दोन वायरींनी खाली-वर जोडलेली असतात. बल्बची वायर यातल्या एकीच्या जागी गेली की असंच होतं. आणि आमच्या जुन्या वायरिंगमध्ये तिन्ही वायरी लाल, ओळखायच्या कशा?

तर आधी खालच्या आणि वरच्या मजल्याचे, दोन्ही एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचे लाईन बंद करायचे खटके, पाडले (हे विसरू नका, जिन्यात दोन्ही मजल्यांची लाईन येऊ शकते, एकच बंद करून हात घातला तर २३० व्होल्टचा झटका बसेल) आणि टेस्टर लावून खात्री केली. मग खालच्या स्विचच्या कॉमन सोडून बाकी दोन वायरी काढून एकमेकींना पिळल्या, वर तिन्ही वायरी मोकळ्या केल्या आणि मल्टीमीटर (वायरी तपासायचं मीटर) बीपवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजेल असा ठेवून दोन-दोन तपासल्या. ज्या दोघींत बीप वाजला त्या खालून आलेल्या, उरलेली ती बल्बची. ती कॉमनला लावली. बहुतेक स्विचमध्ये कॉमन मधला असतो, पण मागचं चित्र बघूनच लावा. नुसत्या टेस्टरवर शोधायला जाऊ नका, शेजारच्या वायरीमुळे मोकळ्या वायरीवरही तो मंद पेटतो आणि फसायला होतं.

खालच्या वायरी परत बसवल्या, एमसीबी उचलले, चारही पोझिशन तपासल्या, दोनदा लाईट लागला. बल्बच्या वायरीला आता पिवळी टेप गुंडाळून ठेवलीय, पुढच्या रंगकामाला प्लेट निघेल तेव्हा दिसेल. आई काल रात्री लाईट लावून उतरली.