तुम्ही विचारलंत म्हणून: आईनं काय खाल्लं होतं?

लग्नात, बारशात, लिफ्टमध्येसुद्धा हेच. "तुम्ही हृदयावरच काम करता ना? मग आईनं काय खाल्लं की बाळाच्या हृदयाला छिद्र पडतं?" अहो, मी कोंबडीच्या अंड्यातले गर्भ बघते. उबवायला ठेवल्यावर साधारण दीड दिवसात तिथली इवलीशी नळी थरथरायला लागते. मी डॉक्टर नाही.

नात्यातल्या एका बारशाला (बाळाच्या हृदयाला छिद्र होतं) आजीबाईंनी सुनेला सगळ्यांसमोर विचारलं, "पपई खाल्ली होतीस का गं? की ग्रहणात भाजी चिरलीस?" मला राहवेना. म्हटलं, पपईचा, ग्रहणाचा काही संबंध नाही. अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनतं, ते पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, कुठलं जनुक कधी चालू व्हायचं ते त्यावरून ठरतं. कमी पडलं तरी हृदय बिघडू शकतं, जास्त झालं तरी. आजीबाईंनी तेवढंच उचललं. "म्हणजे गाजरं! हिवाळाभर गाजरंच खात होती ही." सून बाळाला उचलून आत गेली. ताट तसंच राहिलं.

मी मागोमाग गेले. गाजरानं हे होत नाही. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी मात्र गरोदरपणात नकोच. ती अमेरिकेत १९८२ साली आली, आणि १९८५ पर्यंत बाळांच्या हृदयातले, कानांतले, मेंदूतले दोष नोंदले गेले होते. हिनं ती कधी घेतलीच नव्हती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मग कशानं?"

काय सांगणार? उंदरात आरएक्सआर-अल्फा हा याच कामातला एक रिसेप्टर पुरता काढून टाकला तर हृदयाची भिंत पातळ राहते, पिल्लू गर्भातच मरतं. तोच फक्त हृदयाच्या स्नायूपेशींतून काढा, भिंत ठीक! म्हणजे निरोप शेजारचं कुणीतरी घेतं (बाहेरच्या आवरणाकडे बोट जातं) आणि स्नायूला वाढायला सांगतं. एका उंदरात एवढी भानगड, आणि तुम्हाला हवाय एक पदार्थ. बरं, बापानं काय खाल्लं हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

पूर्वी मला वाटायचं, नीट समजावलं की बोल लावणं थांबतं. आता तसं वाटत नाही. पण गप्प बसणंही पटत नाही. गप्प बसलं की पपई जिंकते. परवा पुन्हा कुणीतरी विचारलं. म्हटलं, ते राहू द्या, दूध पिताना बाळाला घाम येतो का? दम लागतो का? इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी सांगितलाय? तर म्हणाले, "ते सगळं चालू आहे हो, पण तिनं खाल्लं काय होतं?"