तुम्ही विचारलंत म्हणून: यातला खरा टीजी (काचसंक्रमण तापमान) कुठला?

पॉलिमरच्या प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला कारखान्यातली माणसंही विचारतात आणि पीएचडीला नव्याने लागलेली मुलंही. ॲक्रिलिकचा, म्हणजे पीएमएमएचा, तुकडा एकच. डीएससी (तापवताना शोषलेली उष्णता मोजणारी चाचणी) त्याचा टीजी १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास सांगते, डीएमए (नमुना हलवून त्याचा ताठपणा मोजणारी चाचणी) १२० च्या वर जाते, आणि डायइलेक्ट्रिकचा, म्हणजे विजेला मिळणाऱ्या प्रतिसादाचा, आलेख भलतीकडेच फुगतो. सर्टिफिकेटवर लिहायचं काय?

आकडे सगळेच खरे आहेत. काचेसारखा कडक पॉलिमर ज्या तापमानाला मऊ पडू लागतो तो टीजी. पण तो बर्फाच्या वितळणबिंदूसारखा ठरलेला नसतो. पॉलिमरच्या लांब रेणूसाखळीच्या तुकड्यांना हलायला लागणारा वेळ आणि तुम्ही त्यांना दिलेला वेळ जिथे जुळतात, तिथे तो दिसतो. डीएससीत मिनिटाला १० अंशांनी तापवलं, तर साधारण १०० सेकंद घेणारी हालचाल पकडली जाते. डीएमए पट्टीला सेकंदाला एक झोका देते आणि तिचा प्रतिसाद किती मागे रेंगाळतो ते मोजते. इतक्या घाईत साथ द्यायची तर साखळीला जास्त उष्णता लागणारच. टीजीच्या जवळपास वारंवारता दसपट केली की आलेखातलं शिखर ३ ते ७ अंश वर सरकतं. त्यातही कुणी टॅन डेल्टाचं (वाया गेलेल्या आणि साठलेल्या ऊर्जेच्या गुणोत्तराचं) शिखर धरतं, कुणी लॉस मॉड्युलसचं (वाया गेलेल्या ऊर्जेच्या मापाचं). तेवढ्यानेही दहाएक अंश इकडचे तिकडे होतात. तापमानाशेजारी वारंवारता किंवा तापवण्याचा वेग लिहिलेला नसेल, तर तो रिपोर्ट मी बाजूला ठेवतो.

डायइलेक्ट्रिकची तऱ्हा निराळी, आणि माझं मन तिथेच रमतं. पातळ चकती दोन इलेक्ट्रोडमध्ये ठेवायची आणि दिशा बदलणारं व्होल्टेज द्यायचं. विजेला रेणू हलवायचा तर त्यात द्विध्रुव, म्हणजे एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार, हवा. पीएमएमएत तो मुख्यतः बाजूला लोंबणाऱ्या एस्टर गटावर असतो, आणि पदार्थ कडक असतानाही हा गट वळत राहतो. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये जागा सोडता येत नाही पण मान वळवता येते, तसं. या हालचालीला बीटा शिथिलन म्हणतात. टीजीशी निगडित मोठ्या हालचालीला अल्फा. डीएमएत अल्फाचं शिखर उंच आणि बीटाचं बुटकं, तर डायइलेक्ट्रिकमध्ये बीटाच वरचढ. पॉलिथिलीनमध्ये तर द्विध्रुव जवळपास नसतातच, म्हणून काही संशोधक त्याचं मुद्दाम किंचित ऑक्सिडीकरण करून मग मोजमाप करतात.

अगदी संथ हालचाली बघायच्या तर टीएसडीसी, म्हणजे तापवल्यावर सुटणारा प्रवाह मोजण्याची पद्धत. नमुना तापवून व्होल्टेज लावायचं, तसाच गार करायचा, व्होल्टेज काढायचं आणि सावकाश पुन्हा तापवायचं. गोठून बसलेले द्विध्रुव मोकळे होतात तसा पिकोअँपिअरच्या घरातला प्रवाह वाहतो. पावसाळ्यात मात्र नमुना आधी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये गेलाच पाहिजे. पीएमएमए २ टक्क्यांपर्यंत पाणी पितं, आणि ते पाणी टीजी खाली ओढतं.

पण नेमकं कोण हलतंय, हे यातलं एकही यंत्र सांगत नाही. शिखराच्या जागेवरून आणि त्याला लागणाऱ्या ऊर्जेवरून आपण अंदाज बांधतो. पीएमएमएच्या बीटाबद्दलचा अंदाज १९९४ साली जर्मनीतल्या माइन्त्सच्या माक्स प्लांक पॉलिमर संस्थेतल्या गटाने बहुमितीय एनएमआरने (चुंबकक्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपण्याच्या तंत्राने) पडताळून पाहिला. एस्टर गट १८० अंशांत पलटतो हे तर दिसलंच. पण त्याचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा नाही. पलटल्यावर तो शेजाऱ्यांत मावावा म्हणून मुख्य साखळीही आपल्या अक्षाभोवती सुमारे २० अंशांनी वळते, तीही टीजीच्या बऱ्याच खाली. त्यामुळे प्रबंधात कुणी ‘बीटा म्हणजे फक्त बाजूच्या गटाची हालचाल’ असं लिहिलं, की मी तिथे लाल पेन चालवतो.