उरलेली अंडी

नाश्त्याचा हॉल सात वाजता उघडायचा. त्याआधी रात्रपाळीच्या माणसाने रिसेप्शनवर ठेवलेला कागद मी हातात घ्यायचे. कुठल्या खोलीत किती माणसं, कुणाला कसली अ‍ॅलर्जी, बाहेरून फक्त नाश्त्याला येणारे किती, सगळं त्यावर असायचं. ते बघून मी शेफला आकडा सांगायचे. आमच्या धंद्यात त्याला कव्हर म्हणतात. "आज अठ्ठेचाळीस कव्हर." तेवढ्या कपबश्या, तेवढे काटेचमचे लागायचे आणि अंड्यांचे ट्रे बाहेर निघायचे. साडेदहाला हॉल बंद होताना प्रत्येक खोलीपुढे माझी खूण असायला हवी. खूण नसेल तर कुणीतरी उठलेलं नाही, किंवा न खाताच निघून गेलेलं आहे. एवढाच त्याचा अर्थ, असं मी त्या मंगळवारपर्यंत समजत होते.

हे हॉटेल म्हणजे पेटवुड. इंग्लंडच्या पूर्वेला, लिंकनशायरमधल्या वुडहॉल स्पा या छोट्या गावात. मूळचं हे एका श्रीमंत बाईचं घर. १९०५च्या सुमारास बांधलेलं. वडिलांचा लंडनमध्ये फर्निचरचा मोठा व्यवसाय होता, त्यामुळे आत सगळीकडे ओक लाकूड. जिना बघितलात तर कठड्यावरून हात फिरवल्याशिवाय वर जाणार नाही. पेटवुड म्हणजे तिचं लाडकं रान, त्या रानातच तिने घर बांधलं. १९३३ साली घराचं हॉटेल झालं आणि युद्धात ते हवाईदलाने ताब्यात घेतलं. मैल-दीड मैलावर विमानतळ होता आणि त्याच्या अधिकाऱ्यांची मेस इथे. जानेवारी १९४४मध्ये ६१७ स्क्वाड्रन, म्हणजे हवाईदलाची बॉम्बर विमानांची तुकडी, आली, ती युद्ध संपेपर्यंत इथेच होती.

या स्क्वाड्रनमुळे लोक येतात. खाली तिच्या नावाचा बार आहे, भिंतीभर फोटो. मे महिन्यात गर्दी जास्त, कारण १६ मे १९४३च्या रात्री याच स्क्वाड्रनने जर्मनीतली धरणं फोडली. "ते इथूनच उडाले ना?" हा प्रश्न मला रोज एकदा तरी यायचा. नाही, ते उडाले स्कॅम्प्टनहून, लिंकन शहराच्या उत्तरेला आहे तिथून. त्या रात्री चार इंजिनांची १९ लँकेस्टर बॉम्बर विमानं गेली, प्रत्येकात सात माणसं. आठ विमानं परतली नाहीत, ५३ जण मारले गेले. इथे राहायला आले ते उरलेले, आणि गेलेल्यांच्या जागी भरलेले नवे. धरणांच्या खालच्या खोऱ्यात त्या रात्री हजाराहून जास्त माणसं बुडाली, त्यांत शेकडो जणी जबरदस्तीने कामाला आणलेल्या परदेशी बायका होत्या, हेही मी विचारणाऱ्याला सांगायचे. काहींना ते आवडायचं नाही. मला वाटायचं, या घरात काम करायचं तर पूर्ण गोष्ट सांगायची.

माझा या घराशी वेगळाच धागा होता. मी अंधेरीची. शाळेत जायची बस महाकाली गुंफा रोडवरून जायची आणि वाटेत चेशायर होमची पाटी दिसायची. अपंगांसाठीची संस्था, एवढं माहीत होतं. चेशायर म्हणजे काय, हे कधी मनात आलं नाही. इथे कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात बारमधल्या फोटोखाली नाव वाचलं: विंग कमांडर लेनर्ड चेशायर. नोव्हेंबर १९४३ ते जुलै १९४४ या स्क्वाड्रनचा प्रमुख. शंभर मोहिमा, आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक. नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनतर्फे विमानातून पाहायला गेलेल्या दोघांपैकी एक. युद्धानंतर त्याने आजारी आणि अपंग माणसांसाठी घरं काढली, आणि भारतातलं पहिलं आमच्या अंधेरीत. मी बराच वेळ त्या फोटोपुढून हलले नव्हते. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तो गोरा माणूस? त्याचं लग्न मुंबईतच झालंय." खरं आहे ते, १९५९ साली.

तर तो मंगळवार. कागदावर शेवटच्या ओळीत होतं, "बाहेरून दोन, खिडकीजवळ." साडेआठला एक साठी उलटलेल्या बाई आल्या, आणि त्यांच्या हाताला धरून त्यांची आई. नव्वदीच्या पुढच्या. निळा कोट, नीट विंचरलेले पांढरे केस, हातात काठी. मी त्यांना खिडकीकडे नेऊ लागले, तर त्या थांबल्या. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. टेबलांकडे बघत. मी ओळखलं. आम्ही वाढपी तसेच उभे राहतो. सगळी टेबलं दिसावीत, कुणी नजर वर केली की लगेच जाता यावं.

लेक म्हणाली, "आई, बस ना."

"बसते," त्या म्हणाल्या. "या घरात मी कधी बसलेले नाही."

हवाईदलाच्या महिला शाखेत होत्या त्या. १९४४मध्ये वय एकोणीस, नेमणूक या मेसमध्ये, वाढपी म्हणून. सकाळचं टेबल लावणं, उचलणं, पुन्हा लावणं. युद्ध संपल्यावर गेल्या त्या आज पहिल्यांदा आत आल्या होत्या. मी खुर्ची ओढली, त्या बसल्या, मांडीवर नॅपकिन पसरला आणि मी विचारायच्या आत म्हणाल्या, "एक अंडं. तळलेलं. एकच."

मी सवयीने सांगितलं, "दोन घ्या ना, नाश्त्यात येतातच."

"एकच असायचं," त्या म्हणाल्या.

गर्दी ओसरत होती म्हणून मला त्यांच्यापाशी उभं राहता आलं. त्यांनी जे सांगितलं ते जमेल तसं सांगते. युद्धात इंग्लंडमध्ये अंडी रेशनवर होती. मोठ्या माणसाला आठवड्याला एक, तेही मिळालं तर. एरवी अमेरिकेहून आलेली अंड्याची भुकटी पाण्यात कालवायची. पण बॉम्बर विमानांवर जाणाऱ्यांना उड्डाणाच्या जेवणात खरं अंडं मिळायचं, बेकनबरोबर. जाताना, आणि आल्यावर. पोरं एकमेकांना म्हणायची, तू आला नाहीस तर तुझं अंडं माझं. हे मी बारमध्ये येणाऱ्यांकडूनही ऐकलं होतं, ते हसत सांगतात. त्या हसल्या नाहीत.

"स्वयंपाकघरात आकडा यायचा," त्या म्हणाल्या. "आज इतके उडणार. तेवढी अंडी मोजून बाजूला. मोजायचं काम माझं."

मी हातातला कागद नकळत पाठीमागे घेतला.

मग त्यांनी मला एक गोष्ट समजावली. इतक्या वर्षांत बारमधल्या कुठल्याही फोटोने ती सांगितली नव्हती. विमानात सात जण, पण ते सगळे या घरात जेवायचे नाहीत. ही अधिकाऱ्यांची मेस. त्याच विमानातले सार्जंट दर्जाचे लोक तिकडे, विमानतळाजवळच्या त्यांच्या वेगळ्या मेसमध्ये. रात्रभर सात जण एका पत्र्याच्या नळीत, एकमेकांच्या भरवशावर. खाली उतरले की दोन रांगा. "म्हणून माझ्याकडे कधी सात अंडी उरायची नाहीत," त्या म्हणाल्या. "तीन उरायची. दोन उरायची. मग मनात बेरीज करायची. इथे तीन, म्हणजे तिकडे चार. तिकडेही एक मुलगी अंडी मोजत असायची. आम्ही दोघी कधी त्याबद्दल बोललो नाही."

लेक आईकडे बघतच राहिली होती. तिने हे पहिल्यांदा ऐकलं होतं.

इतक्यात वरून एक टायफून लढाऊ विमान गेलं. कॉनिंग्सबीचा तळ चार मैलांवर आहे, जेट विमानांची सवय असते इथे. खिडकीच्या काचा थरथरल्या, हॉलमधल्या सगळ्या माना वर झाल्या. आजींची झाली नाही. (त्यांना तोंडावर मी मॅडमच म्हणत होते, पण मनात त्या केव्हाच आजी झाल्या होत्या.) चार इंजिनांचा आवाज वेगळा, म्हणाल्या. झोपेतही मोजता यायचा. पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या एक, दोन, तीन करत मोजायच्या, आणि कमी भरले की पुन्हा पहिल्यापासून.

मी विचारलं, "मग ती उरलेली अंडी कोण खायचं?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता, असं विचारताक्षणी वाटलं. पण त्यांचा चेहरा उलट खुलला.

"तीच तर गंमत आहे," त्या म्हणाल्या. "लगेच कुणाला द्यायची नाहीत." हा भाग सपाट, दलदलीचा. पहाटे धुकं धरलं की विमानांना इथे उतरता यायचं नाही. मग त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी तळावर पाठवत. तिथे ती पोरं झोपत आणि दुपारी परत येत, दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले. इकडे सकाळी मात्र ताटं रिकामी. फोन येईपर्यंत कुणालाच नक्की कळायचं नाही. स्वयंपाकी घाई करायचा, विस्तव विझवायचाय, अंडी आत घे. ही एकोणीस वर्षांची पोरगी म्हणायची, थांबा. धुकं आहे. "उन्हाळ्यात आकाश निरभ्र असलं तरी मी धुकं आहे म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी अंडं आणायला आत गेले. शेफला म्हटलं, हे नीट कर, कडा जळू देऊ नकोस. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता नवीन पॅन घेतला. मी ती बशी दोन्ही हातांनी नेली.

त्यांनी ते हळूहळू खाल्लं. पांढरा भाग आधी, कडेकडेने कापत. पिवळा बलक शेवटपर्यंत राखला, मग टोस्टच्या तुकड्याने सगळी बशी पुसून घेतली. काटा आणि सुरी शेजारी शेजारी ठेवली. मी उचलायला हात पुढे केला तर त्यांनी लेकीची बशी स्वतःच्या बशीवर चढवली, काटे एका बाजूला सरकवले, सुऱ्या काट्यांखाली आडव्या सारल्या, म्हणजे घसरत नाहीत. हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षी आम्हाला हेच शिकवतात. बोटं संधिवाताने वाकलेली, पण चूक झाली नाही. बशा माझ्या हातात देऊन विचारलं, "तू कुठली, पोरी?"

मी मुंबई म्हटलं. मग अंधेरी, महाकाली रोड, बस, पाटी, सगळं सांगितलं. चेशायर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे, आपण त्यांच्याशी कधी बोललो नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पुढे घरं काढली हे माहीत होतं. भारतातही काढलं हे नव्हतं. "अजून आहे?" त्यांनी विचारलं. आहे, मी म्हटलं. "किती माणसं आहेत तिथे?" मला आकडा माहीत नव्हता. मी सांगितलं, विचारून कळवते. त्यांनी मान डोलवली, कबूल केल्यासारखी. आकड्याचं त्यांना महत्त्व होतं. मी त्यांच्या लेकीकडून पत्ता लिहून घेतला.

दहाच्या सुमारास त्या निघाल्या. जाताना जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला, वर मात्र गेल्या नाहीत.

सव्वादहाला मी कागद काढला. पंचेचाळीस, सेहेचाळीस असं जुळवत गेले. एका खोलीपुढे खूण नव्हती. दोन माणसं, आदल्या रात्री आलेलं तरुण जोडपं. साडेदहा झाले, हॉल रिकामा. आतून शेफने विचारलं, तवा बंद करू ना? एरवी मी हो म्हणून नाव खोडलं असतं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"थांब," मी म्हटलं. "दोन यायचेत."

अकराला पाच कमी असताना ते आले. बुटांना चिखल, चेहरे लाल. जुन्या विमानतळाची जागा आता निसर्ग राखीव क्षेत्र आहे, तिथे पहाटे पक्षी बघायला गेले होते आणि परतताना वाट चुकले होते. उशीर झाला म्हणून पुन्हा पुन्हा माफी मागत होते. मी त्यांना खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि आत जाऊन चार अंडी सांगितली.